हिच सोळा हजार पौंडांची, पण ट्रकचं काय?

बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही न्यू जर्सीत राहता. पेन्सिल्व्हेनियातून २०१६ चा वापरलेला रॅम २५०० पिकअप घेतलात: ६.७ लिटर कमिन्स डिझेल, चार दारांची क्रू कॅब, फोर बाय फोर, ६ फूट ४ इंचांचा बेड, म्हणजे मागचा उघडा हौदा. आधीच्या मालकाने बेडात फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे पुढचं टोक ट्रकच्या बेडावर टेकणाऱ्या ट्रेलरच्या, जोडणीसाठी रेल (लोखंडी पट्ट्या) बसवून ठेवल्या आहेत. ओळखीतलं कुणीतरी १६,००० पौंड क्षमतेची जुनी हिच, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडायचं उपकरण, स्वस्तात देतंय. १२,५०० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा, म्हणजे पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त तेवढ्या वजनाचा, फिफ्थ व्हील ट्रेलर पसंत करून तुम्ही बयाणाही देऊन बसला आहात. ट्रक विकणारा म्हणाला होता की हा १७,००० पौंड आरामात ओढतो. आता तुम्ही विचारताय की हिच घरी बसवावी, की जवळच्या दुकानदाराच्या सल्ल्याने गूजनेकचा बॉल (बेडाच्या मधोमध बसवायचा, ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा) लावून ट्रेलरला अ‍ॅडॉप्टर जोडावा.

मी ओहायोत ट्रेलर-हिच बसवण्याचं काम करतो, आणि वापरलेले पिकअप हाच आमच्याकडचा नेहमीचा माल. तुमच्या प्रश्नात हिचवर चार ओळी आहेत आणि वजनावर एकच, तीही विकणाऱ्याच्या तोंडची. माझ्या मते हे उलट हवं होतं. रेल, हिच, अ‍ॅडॉप्टर हे सगळं नंतर ठरतं. आधी ठरवायचं ते हे की तुमचा ट्रक पाठीवर किती पेलतो. ओढण्याचा आकडा वेगळा आणि पेलण्याचा वेगळा, आणि फिफ्थ व्हीलच्या बाबतीत जवळजवळ नेहमी पेलण्याचा आकडा आधी संपतो.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे ट्रेलर ज्या पद्धतीने ट्रकला जोडलेले असतात, तीच ही जोडणी, फक्त छोटी. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली दोन इंच जाडीची किंगपिन असते. ती पिकअपच्या बेडात, मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकते. साध्या ट्रेलरचा भार ट्रकच्या मागच्या टोकाला लटकतो; याचा थेट अ‍ॅक्सलवर बसतो. म्हणून फिफ्थ व्हील हायवेवर कमी डोलतो, मोठा ट्रक शेजारून गेला तरी ढकलला जात नाही, आणि लोकांना आवडतो. पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. साध्या ट्रेलरचा एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो, फिफ्थ व्हीलचा १५ ते २५ टक्के. बैलगाडी मागे उलळू नये म्हणून माल जरा पुढे भरतात, पण तो भार शेवटी बैलांच्या मानेवरच येतो, तसं हे गणित आहे. भार कमी केला तर ट्रेलर डोलायला लागतो, म्हणून तो कमी करणं हा उपायच नाही.

आता तुमचे आकडे. ड्रायव्हरचं दार उघडा. बाजूच्या खांबावर पिवळा पट्टा असलेला टायरांच्या माहितीचा स्टिकर आहे, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. तुम्ही हा आकडा २,१८० दिला आहे. या ट्रकला तो मला अजिबात कमी वाटत नाही. डिझेल इंजिन, चार दारं आणि फोर बाय फोर यांचं वजनच इतकं असतं की १०,००० पौंडांच्या एकूण मर्यादेत सव्वादोन हजारांच्या आसपासच उरतात. लोकांना वाटतं मोठं इंजिन घेतलं की जास्त वजन नेता येईल. ओढता येतं, पण पाठीवर कमी नेता येतं, कारण इंजिन स्वतःच त्या पाठीचा वाटा खाऊन बसलेलं असतं.

या २,१८० मधून वजा करत चला. ड्रायव्हर धरून सगळी माणसं यात येतात. तुम्ही दोघं आणि दोन मुलं, ४५० पौंड धरू. रेल आणि त्यांच्या खालच्या ब्रॅकेट मिळून ८०. तुमच्या आखूड बेडाला सरकणारी हिच लागेल (का, ते पुढे सांगतो), ती २२० धरा. पाने, जॅक, दोऱ्या, कूलर, ५०. झाले ८००. उरले १,३८०.

आता ट्रेलरचा भार. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात 'हिच वेट १,८५०' असं आहे. तो रिकाम्या ट्रेलरचा आकडा आहे. कारखान्यातून निघताना त्यात बॅटरी नसते, गॅसच्या टाक्या भरलेल्या नसतात, पाणी नसतं, कपडे, भांडी, खुर्च्या, तांदळाची पिशवी यातलं काही नसतं. पाणी एका गॅलनला साधारण ८.३ पौंड भरतं, आणि फिफ्थ व्हीलचं मोठं सामानाचं कपाट नेमकं पुढे, किंगपिनजवळ असतं. त्यामुळे सामान भरलं की भार पुढेच वाढतो. म्हणून मी पत्रकातला आकडा बघतच नाही. ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरचे २० ते २२ टक्के धरतो. १२,५०० चे २० टक्के म्हणजे २,५००, आणि २२ टक्के म्हणजे २,७५०.

तुमच्याकडे उरलेत १,३८०. पत्रकातला रिकामा १,८५० सुद्धा यात बसत नाही, भरलेला तर अकराशे ते चौदाशेने बाहेर जातो. आणि आई-बाबा उन्हाळ्यात नाशिकहून येणार, सगळे मिळून यलोस्टोनला जाऊ, असंही तुम्ही लिहिलं आहे. त्या दोघांचे आणखी तीनेकशे.

इथे कुणीतरी हमखास म्हणेल की २५०० आणि त्याच्या वरच्या पायरीचा ३५०० हे ट्रक आतून सारखेच, १०,००० हा आकडा नुसता वर्गवारीसाठी आहे, अ‍ॅक्सल आणि टायर त्याहून जास्त पेलतात. यात अर्ध तथ्य आहे. अमेरिकेत १०,००० पौंडांवर वर्ग बदलतो आणि कंपन्या अनेक ट्रक नेमके त्या रेषेवर आणून थांबवतात. दोन मागच्या टायरांची बेरीज केली तर आकडा खरंच मोठा निघतो. उदाहरणार्थ लोड रेंज ई चा, म्हणजे जड भारासाठी बनवलेला, २७५/७० आर १८ टायर पूर्ण हवेवर ३,६४० पौंड पेलतो. पण २०१४ पासूनच्या रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत आणि ३५०० ला पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंग, तेव्हा 'आतून सारखेच' हे मागच्या सस्पेन्शनला लागू नाही. मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) टाकून मागची बाजू सरळ उभी करता येते. ट्रक दिसायला छान दिसतो, हेडलाइट आकाशाकडे जात नाहीत, पण दारावरचा आकडा तेवढाच राहतो. पन्नास पौंड इकडेतिकडे झाले म्हणून मी कुणाला परत पाठवत नाही. हजार पौंडांच्या फरकावर मात्र मी हिच बसवून देणार नाही, आणि कुणी बसवून देत असेल तर त्याला तुमच्या गाडीचे आकडे विचारायचे सुचलेले नाहीत असं समजा.

वापरलेल्या ट्रकची आणखी एक गंमत आहे. स्टिकर कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो. नंतर कुणी लोखंडी बंपर, पायरी, बेडाचं झाकण, टूलबॉक्स लावलं असेल तर ते सगळं त्या २,१८० मधून गेलेलं असतं आणि स्टिकरला त्याचा पत्ता नसतो. म्हणून डिझेलची टाकी पूर्ण भरून ट्रक कॅट स्केलवर न्या. हायवेवरच्या बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर हा काटा असतो आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. जीव्हीडब्ल्यूआरमधून ते वजन वजा केलं की खरी शिल्लक कळते. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादाही दाराजवळच लिहिलेली असते, तीही शेजारी मांडून बघा.

मग करायचं काय? माझ्या लेखी तीन वाटा आहेत, आणि त्यातली कुठली बरी हे तुम्ही वर्षातून किती दिवस बाहेर राहणार यावर आहे.

ट्रक ठेवायचा असेल तर साधा, बंपरमागे जोडायचा ट्रॅव्हल ट्रेलर घ्या. रेल काढल्या, फिफ्थ व्हीलची हिच नाही, वजन वाटून देणारी शंभरेक पौंडांची हिच आली, तर चौघांसह १,५८० उरतात, आणि आई-बाबा धरून १,२८०. ८,५०० पौंडांच्या ट्रेलरचा १३ टक्के भार १,१०५ आणि १५ टक्के धरला तरी १,२७५. बसतं. ट्रकच्या मागच्या रिसीव्हरवर, म्हणजे हिच घालायच्या चौकोनी नळीवर, त्याची स्वतःची मर्यादा लिहिलेली असते, तेवढी वाचा. सहा माणसांच्या वर्षातून दोन-तीन सहलींसाठी हा ट्रेलर पुरेसा मोठा असतो, आणि तुमच्या जागी मी हेच केलं असतं.

फिफ्थ व्हीलच हवा असेल तर या ट्रकला सात हजार पौंडांच्या आतला शोधावा लागेल. असे फार कमी बनतात आणि सहाजणांचं कुटुंब त्यात मावणार नाही. ही वाट मी नुसती नोंदवून सोडतो.

तिसरी वाट म्हणजे ट्रक बदलणं. मागे एकेरी चाकं असलेल्या ३५०० डिझेलला साधारण ४,००० पौंडांच्या आसपास भार पेलवतो, गाडीगणिक कमीजास्त. तुमचे ८०० वजा केले तरी ३,२०० उरतात, म्हणजे किंगपिनचा २,७५० चा भार बसतो. एक लक्षात ठेवा: १०,००० पौंडांहून जास्त जीव्हीडब्ल्यूआरच्या गाडीला तो पिवळ्या पट्ट्याचा स्टिकर कायद्याने सक्तीचा नाही. नसला तर काट्यावरचं वजन आणि जीव्हीडब्ल्यूआर यांची वजाबाकी हाच मार्ग. परवान्याचे नियमही राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरच्या, १५,००० पर्यंतच्या फिफ्थ व्हीलला साध्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. तुमच्या राज्याचं एकदा मोटर व्हेइकल कमिशनकडून पक्कं करा.

ट्रेलर बदला किंवा ट्रक, बयाणा परत मिळण्याची मुदत आधी बघा. बाकी सगळं निवांत करता येतं.

आता हिचकडे येऊ. ट्रक बदललात तरी तो बहुधा वापरलेलाच घ्याल, तेव्हा पुढचं सगळं तिथेही लागू आहे.

सगळ्यात आधी गंज. पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मिशिगन आणि आमचा ओहायो इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ फ्रेमच्या आत जाऊन बसतं. वरून काळा रंग मारलेला नवाकोरा दिसणारा ट्रक आतून पापुद्रे सुटलेला असू शकतो. खरं तर फ्रेमवर ताजा काळा रंग दिसला की मी जास्त सावध होतो. हातोडीने ठोकून बघा: धड पोलाद खणखणीत वाजतं, गंजलेलं बद्द आवाज देतं आणि पोपडे पडतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा भाग नीट बघा, कारण तिथेच हिचच्या ब्रॅकेट येतात आणि तिथेच चिखल साचतो. वरवरचा तांबूस गंज चालतो. धातूची जाडी कमी झाली असेल तर त्यावर काही बसवू नका.

मग आधीच्या मालकाच्या रेल. 'रेल आहेतच, म्हणजे काम झालं' असं तुम्हाला वाटतंय, पण मी उलट बाजूने बघतो: कुणीतरी अनोळखी माणसाने तुमच्या फ्रेमला काहीतरी बांधून ठेवलं आहे, आणि ते कसं बांधलं हे खाली झोपल्याशिवाय कळणार नाही. चांगलं काम असं दिसतं: त्या मॉडेलसाठीच बनवलेल्या जाड ब्रॅकेट, फ्रेमला कारखान्यातून असलेल्या भोकांत बोल्टने आवळलेल्या, बोल्टच्या डोक्यावर सहा रेषा, म्हणजे ग्रेड ८, आणि बेडाचा पत्रा व ब्रॅकेट यांच्यामधल्या पोकळीत यू आकाराचे स्पेसर. बेडाचा तळ पन्हळी असतो. स्पेसर नसेल तर बोल्ट आवळताना पत्रा चेपतो, चेपलेला पत्रा हळूहळू आणखी बसतो, आणि बोल्ट सैल होतात.

वाईट काम ओळखायला आणखी सोपं आहे. फ्रेमला वेल्डिंग केलेलं दिसलं तर थांबा. या फ्रेमच्या पोलादाला वेल्डिंगची उष्णता मानवत नाही. शेजारचा धातू कमकुवत होतो आणि चीर तिथूनच सुरू होते. फ्रेमच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीत भोकं पाडलेली दिसली तरी थांबा, कारण सगळा ताण त्या पट्ट्यांवर असतो. घरी कापलेल्या अँगलच्या ब्रॅकेट, लांबट झालेली भोकं, प्लॅस्टिकच्या सुट्या बेडलायनरवरच ठोकून बसवलेल्या रेल, यातलं काहीही असेल तर काढून नव्याने करा. प्लॅस्टिक दबतं आणि बोल्टचा ताण निघून जातो. फवारलेल्या लायनरला ही अडचण नाही. सगळं नीट दिसलं तरी रेलच्या बनावटीचा शिक्का शोधा, त्यांची बसवण्याची पुस्तिका मिळवा आणि प्रत्येक बोल्ट दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळून घ्या.

रेल लावण्याआधी एकदा बेडाचा तळही तपासा. तुमच्या वर्षीच्या रॅमला कारखान्यातूनच फिफ्थ व्हील आणि गूजनेकची तयारी घेता येत होती. ती असेल तर मध्ये एक आणि चौफेर चार अशी गोल झाकणं दिसतील आणि खाली फ्रेमला कंपनीचाच आडवा पट्टा असेल. फोर्डने सुपर ड्यूटीत हे २०११ पासून दिलं. अशा ट्रकला रेल लागतच नाहीत, हिचचे पाय थेट त्या खोबणीत फिरवून बसतात आणि काढल्यावर बेड सपाट राहतो. पुढचा ट्रक शोधताना ही झाकणं असलेला मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. जुन्या मालकाने कारखान्यातून काय काय घेतलं होतं हे डीलरकडे व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन कळतं, आणि त्याच नंबरावर एनएचटीएसए या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर राहिलेले रिकॉल, म्हणजे कंपनीने फुकट दुरुस्त करून द्यायचे दोष, बघता येतात. तेही करून टाका.

आता ती सरकणारी हिच का, ते. ट्रेलर वळणात ट्रकशी काटकोनात आला की त्याचा पुढचा कोपरा किंगपिनपासून रुंदीच्या निम्म्या अंतरावर फिरतो. ट्रेलर ९६ इंच रुंद असेल तर ४८ इंच, १०२ असेल तर ५१. हिचच्या मध्यापासून कॅबच्या मागच्या काचेपर्यंत तुमच्याकडे किती अंतर आहे ते टेपने मोजा. आठ फुटी बेडात ते पुरतं. ६ फूट ४ इंचांच्या बेडात, हिच अ‍ॅक्सलवर ठेवली तर, बहुधा पुरणार नाही. हल्लीच्या ट्रेलरांचे पुढचे कोपरे आत कापलेले असतात, त्यामुळे रोजच्या वळणांत काही होत नाही; पण कॅम्पग्राउंडमध्ये झाडांमधून मागे घेताना तुम्ही काटकोनाच्या जवळ जाताच, आणि तेव्हा मागची काच फुटते. सरकणाऱ्या हिचमध्ये गाडी थांबवून, खटका ओढून, ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक थोडा पुढे घेतला की हिच मागे सरकते. काम झालं की परत पुढे आणून कुलूपबंद करायची. हे विसरून हायवेला लागणं धोक्याचं, कारण भार अ‍ॅक्सलच्या मागे जातो. वळणात आपोआप सरकणाऱ्या हिचही मिळतात. महाग आणि जड असतात, पण ज्यांना उतरून खटका ओढायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी त्याच बऱ्या.

तुम्हाला स्वस्तात मिळणारी जुनी हिच सरकणारी नसेल तर प्रश्न इथेच मिटला. सरकणारी असेल तर क्षमतेचा शिक्का वाचता येतोय का बघा. शिक्काच नसेल तर घेऊ नका. जबड्याच्या आतल्या बाजूची झीज, खटक्याची स्प्रिंग, पायांच्या पिना आणि त्यांच्या क्लिपा तपासा. जबड्यात किंगपिन खडखडत असेल तर प्रत्येक ब्रेकला धक्का बसेल.

गूजनेक बॉल आणि अ‍ॅडॉप्टरबद्दल दुकानदाराचा सल्ला अर्धा बरोबर आहे. बेडात एकच मोठं भोक, रेल नाहीत, बेड मोकळा, हे सगळं खरं. पण किंगपिनला लांब नळी जोडून ती खाली बेडाच्या पातळीवरच्या बॉलवर बसवली की प्रत्येक झटका त्या नळीच्या पूर्ण लांबीच्या तरफेने ट्रेलरच्या पुढच्या फ्रेमला पिळतो. ती फ्रेम वरच्या पातळीवरच्या किंगपिनसाठी बनवलेली असते, या पिळासाठी नव्हे. अनेक ट्रेलर-फ्रेम बनवणारे असा अ‍ॅडॉप्टर लावला तर हमी नाकारतात, म्हणून तुमच्या ट्रेलरच्या कागदांत आधी ते शोधा. शिवाय गूजनेकला सुरक्षा साखळ्या लागतात, त्या लावायला ट्रेलरला जागा हवी. बेड मोकळा हवा असेल तर त्याहून बरा मार्ग आहे: खाली गूजनेकचा पाया बसवायचा आणि त्याच्या भोकात पाय रोवणारी फिफ्थ व्हील हिच वर ठेवायची. बी अँड डब्ल्यूची टर्नओव्हरबॉल आणि त्यावरची कंपॅनियन ही जोडी याचं नेहमीचं उदाहरण. यात ट्रेलर किंगपिनवरच राहतो, तरफ वाढत नाही, आणि हिच दोन तुकड्यांत उचलून काढता येते.

घरी बसवता येईल का? दोन माणसं, चांगला टॉर्क पाना, ड्रिल आणि पूर्ण दिवस हाताशी असेल तर येईल. धोक्याचं आहे ते बेडाच्या खाली काय आहे हे न बघता वरून ड्रिल चालवणं. तिथे डिझेलची टाकी, तिच्या नळ्या, ब्रेकची पाइप आणि तारांचा जुडगा असतो. आम्ही आधी बारीक बिटने खुणेचं भोक पाडतो, बिटवर खोलीचा थांबा लावून, आणि दुसरा माणूस खालून बघत असतो. मगच मोठं भोक. कडांना झिंक प्रायमर लावायचा, आणि धातूचे कण बेडातून व फ्रेमवरून झाडून काढायचे, नाहीतर आठवड्यात तिथे तांबडे ठिपके उमटतात. बंद फ्रेममध्ये बोल्ट आतून आणायचा असेल तर किटमध्ये गुंडाळीसारखी तार येते. ती भोकातून घालून, टोकाला बोल्ट फिरवून ओढून घ्यायची. पहिल्यांदा करणारे इथेच तास घालवतात. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, रेल काटकोनात आणि समांतर आहेत का मोजा, मगच आवळा. वाटेत एक्झॉस्टचा उष्णतारोधक पत्रा आडवा आला तर किटच्या पुस्तिकेत त्याचं काय करायचं ते दिलेलं असतं; अंदाजाने वाकवू नका. पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर टॉर्क पुन्हा तपासायचा.

वायरिंगला लोक शेवटच्या अर्ध्या तासाचं काम समजतात. बेडाच्या डाव्या भिंतीत सात पिनांचं सॉकेट घ्या आणि ते मागच्या कारखान्याच्या सॉकेटमध्ये टी-हार्नेस (मध्ये खोचायचा तयार तारांचा फाटा) घालून जोडा, तारा कापून जोडू नका. डॅशबोर्डवर ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर आहे का बघा. नसेल तर वेगळा बसवावा लागेल. ट्रेलरचा ब्रेकअवे दोरखंड ट्रकला बांधायचा, हिचला नाही. हिचच सुटून आली तर त्या दोरखंडाने ट्रेलरचे ब्रेक लागायला हवेत.

ट्रेलर जोडल्यावर तो सपाट उभा राहिला पाहिजे, आणि बेडाच्या कडा व ट्रेलरचा तळ यांच्यात साडेपाच-सहा इंच मोकळे हवेत. अलीकडचे फोर बाय फोर ट्रक इतके उंच असतात की या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात. मग हिचची उंची किंवा ट्रेलरच्या अ‍ॅक्सलची बैठक बदलावी लागते. दर वेळी जोडल्यावर बॅटरी घेऊन जबडा बघा: हिचची प्लेट आणि ट्रेलरची प्लेट यांच्यात फट दिसता कामा नये. फट दिसली तर किंगपिन जबड्याच्या वर बसली आहे आणि खटका लागल्यासारखा वाटत असला तरी लागलेला नाही. मग ट्रेलरचे पाय जमिनीपासून इंचभरच उचला, ट्रेलरचे ब्रेक हाताने धरा आणि ट्रक हलकेच पुढे ओढून बघा. सुटायचं असेल तर तिथेच सुटेल आणि ट्रेलर पायांवर बसेल, तुमच्या बेडाच्या कडांवर नाही.

टायरांवर डॉटचा (DOT या अक्षरांनी सुरू होणारा) शिक्का असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २०१६ च्या ट्रकवर नक्षी शाबूत असलेले पण जुनाट टायर असणं अगदी शक्य आहे. ते आणि काट्याची पावती, या दोन्हींचे फोटो टाका. रेलच्या खालच्या बाजूचेही टाका, प्रत्येक ब्रॅकेटचा वेगळा. त्यावरून रेल ठेवायच्या की काढायच्या हे सांगता येईल.